दाढेची जागा

उरवडे,
१४ मे २०२५

ती. आक्काबाईस,
आबाचा सविनय जयभीम.

फोनवर माझं बोलणं तुला समजत नाही आणि तू नुसतं हूं हूं करून वेळ मारून नेतेस, म्हणून पत्रच बरं.

बातमी अशी, की खालची दुखरी दाढ एकदाची गेली. बुद्धपौर्णिमेला नांद्याच्या विहारात दातांचं मोफत शिबिर होतं. मोनिकाचे होणारे सासरे जयसिंगराव तिथले पुढारी. त्यांनीच मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पूर्वी काही आजार होता का. जयसिंगराव शेजारीच उभे. सोयरिकीच्या वेळी आपण त्यांना कर्करोगाचं आणि किरणांच्या शेकाचं काही बोललो नव्हतो. अर्धांगाचा झटका येऊन गेला, म्हणून बोलणं जड, एवढंच सांगितलं होतं. मग मी बाईंनाही झटकाच सांगितला. त्यांनी रक्त पातळ करायच्या गोळ्यांची चौकशी केली, प्रेशर मोजलं, कापसाचा बोळा दाबून कितीतरी वेळ बसवून ठेवलं. मोठी काळजी घेणारी पोरगी.

लग्न नोव्हेंबरात. त्रिसरण-पंचशील मीच देणार. विहारात माझं बोलणं चालतं, कारण शब्द सगळ्यांना पाठ असतात. लेकीच्या लग्नात तेवढं तोंड चाललं, की माझं काही मागणं नाही.

तुझ्या गुडघ्यांना माझा वेगळा जयभीम. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
आबा


भुसावळ,
२१ मे २०२५

चि. आबास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. अरे, सहा वर्षांपूर्वी शेक संपले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी तुम्हा नवरा-बायकोला आणि मला समोर बसवून बजावलं होतं, की या जबड्याचा रक्तपुरवठा आता कमी झालाय, आम्हाला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही, कितीही वर्षं गेली तरी नाही. तू मान डोलावलीस. तुझ्या मान डोलावण्याचा अर्थ मला तू शाळेत होतास तेव्हापासून माहीत आहे.

झटक्याची गोष्ट सोयऱ्यांपुरती होती. डॉक्टरपुढे ती कशाला वाजवायची? जखम भरली का ते कल्पनाला बघायला सांग आणि खरं लिही. मला भीती वाटते आहे.

घरात सर्वांना आशीर्वाद. माझा राग हाच लोभ समज.

आक्का


उरवडे,
९ जुलै २०२५

ती. आक्काबाईस,
सविनय जयभीम.

जखम भरली नाही. जीभ लावली की काहीतरी टणक, खरबरीत लागतं. मला वाटलं दाढेचा तुकडा राहिला. कल्पनाने मोबाइलची बॅटरी लावून पाहिलं. ते हाड आहे. तोंडाला वास येतो, म्हणून मी हल्ली विहारात मागे बसतो.

पुण्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाले, शेक घेतलेलं हाड स्वतःहून भरून येत नाही, ते मरत चाललंय. दाखल व्हा, मेलेलं खरवडून काढू, पुढे जबड्याचा भागही काढावा लागेल.

मी लग्नानंतरची वेळ मागितली. आक्का, मारुंजीचं स्थळ कसं मोडलं ते तू पाहिलंस. आजाराचं नाव निघालं आणि माणसं चहा न घेता उठली. मोनिका आठवडाभर खोलीबाहेर आली नव्हती. आता दवाखान्यात पडलो तर जयसिंगराव भेटायला येणारच, आणि खाटेवरचा कागद वाचणारच.

रागावू नकोस. तुझ्या लोभावरच उडी मारतो आहे.

आबा


भुसावळ,
१७ जुलै २०२५

चि. आबास,
आशीर्वाद.

जयसिंगरावांना सगळं सांग आणि दाखल हो. मोडलं तर मोडू दे. मोनिकाचंही हेच म्हणणं आहे, ती फोनवर माझ्याजवळ रडली. त्रिसरण दुसरा कोणीही देईल. तुझा जबडा दुसरा कुठून आणायचा?

गुडघे धड असते तर येऊन तुला कान धरून नेलं असतं. बाकी काही लिहवत नाही.

आक्का


उरवडे,
४ डिसेंबर २०२५

ती. आक्काबाईस,
जयभीम.

लग्न पार पडलं. मोनिका नांद्याला सुखात आहे, अतुल तिला जपतो.

जबडा ऑक्टोबरातच मोडला. दुधात भिजवलेली भाकरी चावताना कट्‌ झालं. लोकांना दुसरा झटका सांगितला. लग्नात गाल बांधून पुढच्या खुर्चीत बसलो होतो. त्रिसरण जयसिंगरावांनी दिलं. सगळा मांडव म्हणत होता, माझे ओठसुद्धा हलले नाहीत.

आता हाड पार मागेपर्यंत मेलंय आणि मोठं ऑपरेशन माझ्या हृदयाला झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. कल्पना नळीतून पेज घालते.

लग्नाच्या संध्याकाळी जयसिंगराव माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, आमच्या हिलाबी त्योच आजार हुता, दाजी. तुमच्या गळ्याला एका अंगानं दाढी उगवत न्हाई, ती शेकाची जागा. पोरगी बघाया आलो तवाच वळखली. पर तुमी झटका म्हणालात, मंग तुमचा मान कशाला मोडायचा? दाताच्या डॉक्टरला तरी तुमी कानात सांगितलं आसंल, आसं वाटलं.

मला बोलता येत नव्हतं, म्हणून मान डोलावली.

शिबिरात ते शेजारीच उभे होते गं. मी खरं बोललो असतो तर त्यांना नवीन काहीच कळलं नसतं.

पत्र पाठवत राहा. वाचता अजून येतं.

तुझा,
आबा