पिवळ्याचा बंदोबस्त

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी संगणकानं विचारलं, अपडेट करू का. पाठोपाठ फोटोच्या सॉफ्टवेअरनंही विचारलं. दोघांनाही हो म्हटलं. नवं ते चांगलं, असं माझं मत आहे.

दुपारी लेकीच्या लग्नाचे फोटो उघडले. सगळे पिवळे! नवरी पिवळी, नवरा पिवळा, पांढरी फुलं पिवळी. काल संध्याकाळपर्यंत सगळं ठणठणीत होतं. मी या सॉफ्टवेअरवाल्यांचं काय घोडं मारलंय?

ऐन वेळेला हे व्हायचं होतं. सोळा तारखेला विहीणबाईंकडे सगळा गोतावळा जमणार आहे. त्यांच्या थोरल्या बहिणीला लग्नाला येता आलं नव्हतं, त्या मुद्दाम येणार आहेत. त्यांच्यासमोर अल्बम उघडायचा असं ठरलंय. आणि हा अल्बम म्हणजे साधा अल्बम नव्हे. लग्नाआधी लेक म्हणाली होती, बाबा, फोटोचं काम समोरच्याला देऊ या. समोरचा म्हणजे घरातल्याच माझ्या स्टुडिओसमोरचा, रस्त्यापलीकडचा स्टुडिओ. काचेचं दार, आत सोफा, गिऱ्हाइकाला कॉफी. मी म्हणालो, तुझा बाप काय मेलाय? दोन दिवस घरात अबोला होता. शेवटी मीच काढले.

तेव्हा अल्बम असा झाला पाहिजे की लेकीनं स्वतःहून म्हणावं, बाबा, चुकलं माझं.

उद्या अर्ध्या तासात हे पिवळं घालवतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

संगणक बंद करून चालू केला. पिवळं.
सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. पिवळं.
इंटरनेटवर एका शहाण्यानं लिहिलंय, सगळ्या सेटिंग पुसा. पुसल्या. पिवळं आहे ते आहेच, वर मी इतक्या वर्षांत जमवलेले प्रीसेटही, म्हणजे रंगांचे तयार साचे, गेले. बायकांच्या चेहऱ्यांसाठी वेगळा, म्हाताऱ्यांसाठी वेगळा, रडक्या पोरांसाठी वेगळा. सगळं साफ. आगीतून फुफाट्यात.

संकल्प: यापुढे काहीही पुसण्याआधी खालची बारीक अक्षरं वाचायची.

हिनं विचारलं, झालं का? मी म्हणालो, जवळजवळ.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकलं. मग एक मुलगा आला, फार गोड बोलणारा. म्हणाला, स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. म्हणाला, सर, मला तर फोटो अगदी छान दिसतोय, नवरी कोण आहे? मी म्हणालो, नवरी कोण ते सोड, तुझे डोळे तपासून घे. त्यानं तक्रार क्रमांक दिला आणि दिवस शुभ जावो म्हणाला. कप्पाळ शुभ जाणार.

त्यांचं मदतीचं पान उघडून वाचत बसलो होतो. ही मागून बघून म्हणाली, अहो, हे पानही पिवळंच दिसतंय की. म्हटलं, दिसणारच, त्यांचंच पान आहे ते. तिनं तिथेच आपली बँक उघडून बघितली. तीही पिवळी. मी समजावलं, की हल्ली सगळ्या कंपन्या एकमेकींची नक्कल करतात. ही म्हणाली, कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं.

चेष्टा केली असणार. पण जेवण टाकून आरशात डोळे बघून आलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरकडे जाऊन आलो. काही झालं तर लेकीचा अल्बम कोण पुरा करणार? डॉक्टरांनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, रक्त घेतलं. लक्षणं काय विचारलं. मी म्हणालो, फक्त संगणकावर पिवळं दिसतं. डॉक्टरांनी चष्मेवाल्याचं नाव सुचवलं. उंटावरचे शहाणे सगळे.

संध्याकाळी रिपोर्ट आला. कावीळ नाही. हिच्यापुढे कागद ठेवला. ही म्हणाली, मी आपलं बोलायला बोलले हो, तुम्ही खरंच गेलात? आता तरी सिद्ध झालं की दोष माझ्यात नाही. सॉफ्टवेअरमध्येच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

ठरलं. कुणाच्या भरवशावर राहायचं नाही. यंत्र चुकलं तरी माझा डोळा चुकत नाही. पिवळ्यावर उतारा निळा. हे ज्ञान मला सॉफ्टवेअरच्या आधीपासूनचं आहे, अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचो तेव्हापासूनचं.

निळा वाढवला. अजून थोडा. अजून. आणि बघता बघता लेक जशीच्या तशी दिसायला लागली! तोच गव्हाळ रंग, तीच डाव्या गालावरची खळी. उठून खिडकीपाशी गेलो. समोरच्याच्या काचेच्या दारातून कुणीतरी हसत बाहेर पडत होतं. हसा म्हटलं.

आता एकेक फोटो याच हातानं. एकही सोडायचा नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

काम झपाट्यानं चाललंय. मान धरलीय. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत.

हिनं सहज एक फोटो फोनवर मागितला, बहिणीला पाठवायला. पाठवला. स्वयंपाकघरातून ओरडली, अहो, सगळे निळे का पडलेत? हा जावई आहे की बर्फातून काढलाय? मी गेलो, बघितलं. निळाच होता. पण फोनच्या एवढ्याशा पडद्याला काय अक्कल असते? हिला म्हटलं, फोटो मोठ्या पडद्यावर बघायचा असतो. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. या बाईला कुठली म्हण कुठे वापरावी ते कळत नाही.

तरी मोठ्या पडद्यासमोर येऊन पुन्हा बघितलं. अगदी बरोबर रंग होता. जीव भांड्यात पडला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संगणक रडतखडत चालतोय. जागा संपली म्हणतो. हेल्पलाइनच्या मुलानंही सांगितलं होतं, नको ते काढून टाका. मग मूळ पिवळे फोटो उडवले. कॅमेऱ्याची कार्डं तर केव्हाच दुसऱ्या कामाला वापरली. दुरुस्त केलेले जवळ असताना मूळ कशाला सांभाळायचे? तो स्वतःवरचाच अविश्वास झाला.

काम पूर्ण! लॅबला पाठवलं. समोरच्याला एवढ्या कामाला महिना लागला असता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लॅबवाल्याचा फोन आला. चाचरत होता. साहेब, रंग असाच हवाय का, एकदा येऊन बघता का, म्हणाला. मी म्हणालो, तुझं मशीन बघ आधी. तो म्हणाला, मशीन ठीक आहे. मी म्हणालो, आमच्या घरचं कार्य आहे हे, जसं पाठवलंय तसंच छाप, एक रंग इकडचा तिकडे केलास तर याद राख. तो म्हणाला, बरं. हल्लीच्या माणसांना दर्जा झेपत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अल्बम आला. चंदेरी कागदात बांधून, वर फीत लावून. ही म्हणाली, एकदा उघडून बघा. मी म्हणालो, कागद विहीणबाईंच्याच हातून सुटणार. ही म्हणाली, निदान कोपरा तरी. मी कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

लिहवत नाही. पण लिहितो.

दिवाणखान्यात सगळे जमले होते. विहीणबाईंनी स्वतः फीत सोडली. पहिलं पान उघडलं. दुसरं पान. मग विहीणबाई म्हणाल्या, थंडी फार होती का हो त्या दिवशी?

अख्खं लग्न निळं! ओठ निळे, दात निळे, फुलं निळी. जावयाचा धाकटा भाऊ हसू दाबायला आतल्या खोलीत पळाला. हिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते बरं केलं.

तेवढ्यात लेक म्हणाली, बाबांना मीच सांगितलं होतं असं करायला, आता ही नवी पद्धत आहे. सहज बोलल्यासारखं बोलली. लहानपणी ती खोटं बोलली की लगेच कळायचं. आज कुणालाच कळलं नाही. मला कळलं.

विहीणबाईंच्या थोरल्या बहिणीनं मात्र चष्मा पुसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सगळं बघितलं. मग विचारलं, नवरीचे वडील दिसत नाहीत कुठे? मी म्हणालो, मी कॅमेऱ्यामागे होतो. त्या म्हणाल्या, सबंध दिवस?

मी चंदेरी कागदाची घडी घालत बसलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी डोकं चालवलं. निळ्यावर उतारा पिवळा. पिवळ्या दिव्याखाली अल्बम बघितला तर सगळे माणसांत येतील! दुकानातून एक छानसा टेबलावरचा दिवा आणला. विहीणबाईंना भेट म्हणून द्यायचा आणि अल्बम त्याच्याशेजारीच ठेवा म्हणायचं. हिला योजना सांगितली. ही म्हणाली, आता हात जोडते, पुरे करा.

दुपारी लेक स्टुडिओत आली. दिवा बघितला. संगणकापुढे बसली. पडद्याच्या कोपऱ्यात काहीतरी दाबलं. पडदा झटकन पांढरा झाला. स्वच्छ, धुतल्यासारखा.

म्हणाली, बाबा, संध्याकाळी डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा पिवळा करायची सोय असते, ती अपडेटनं दिवसरात्र चालू करून ठेवली होती. फोटोंना काही झालंच नव्हतं.

फोटोंना काही झालंच नव्हतं. जे झालं ते मी केलं. हात दाखवून अवलक्षण.

तिनं विचारलं, मूळ फोटो आहेत ना? मी दिव्याचं बटण चालू-बंद करत राहिलो. ती समजली. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, जाऊ द्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

निळे फोटो परत सरळ करायचा प्रयत्न चाललाय. दोन दिवस धडपडतोय. निळा काढला की चेहऱ्यांवर डाग पडतात, कातडी ठिगळं लावल्यासारखी दिसते. इतक्यांदा ओढून ताणून त्यात रंगच उरलेला नाही. लेकीच्या गालावरची खळी शोधतोय. एका फोटोत थोडी आहे.

हेल्पलाइनच्या मुलाचा मेल आला, आपली समस्या सुटली का, आमच्या सेवेला किती तारे द्याल? पाचही दिले. त्याला नवरी छान दिसली होती. एकट्या त्यालाच.

संकल्प: संकल्प करणं बंद.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लेकीचा फोन. सगळ्यांनी लग्नातले कपडे घालून पाच वाजता यायचं. कुठे? समोरच्याकडे. तिनं वेळ घेऊन ठेवलीय.

मी म्हणालो, येणार नाही. दुपारी म्हणालो, कपडे घट्ट होतात. साडेचारला म्हणालो, रस्त्यात लोक बघतील. हिनं माझी बटणं लावली आणि दार उघडलं. रस्ता ओलांडायला एवढा वेळ मला कधीच लागला नव्हता.

समोरच्यानं वाकून नमस्कार केला, मला काका म्हणाला. सोफ्यावर बसवलं, कॉफी दिली. कॉफी चांगली होती. दिवा त्यानं डावीकडून लावला. मी उजवीकडून लावला असता. बोललो नाही.

आधी सगळ्यांचा काढला. मग लेक म्हणाली, आता बाबा आणि मी, दोघंच. तिच्या शेजारी उभा राहिलो. इतकी वर्षं लोकांना सांगत आलोय, हात असा ठेवा, मान अशी करा. माझा स्वतःचा हात कुठे ठेवायचा ते कळेना. लेकीनं तो उचलून आपल्या खांद्यावर घेतला. समोरचा म्हणाला, काका, जरा डोळे पुसा, चमकतायत. त्याचा दिवा फारच तेज आहे.

पडद्यावर फोटो दाखवला. रंग बरोबर आलाय. मी कुठेही दोष काढू शकलो नाही, आणि मी बराच वेळ शोधला.

एक मोठी प्रत करायला सांगितली, माझ्या स्टुडिओत गल्ल्यामागच्या भिंतीवर लावायला. कोपऱ्यात त्याच्या स्टुडिओचं नाव छापून येतं. विचारलं, ते काढता येईल का. म्हणाला, काका, ते सॉफ्टवेअर आपोआप टाकतं, अपडेट झाल्यापासून मला काढता येत नाही.

राहू दे म्हटलं.