चिंधीचं लाजणं

मंगळवार, ३
चिंधीने आज पुन्हा वाटीला तोंड लावलं नाही. फेरेट, मुंगसासारखं हे खादाड पाळीव जनावर, आणि खाण्याला नाही म्हणते! एरवी वाटी चाटूनपुसून वर माझा मोजा पळवणारी ही बया कपाटाखाली नुसती पडून आहे. बाबा म्हणतात, "नखरे आहेत." आई गेल्यापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात, हिच्याशी दिवसभर. हिला काही झालं तर या घरात कुणाचा आवाजच उरणार नाही.

संध्याकाळी बाबांनी तिला लाजायला लावलं. त्यांचा लाडका खेळ — ती दोन्ही पंजे तोंडावर घासते, बाबा म्हणतात, "लाजली गं माझी नवरी!" आणि बक्षीस म्हणून बोटावर माशाचं तेल. आज ती लाजली, पण तेल चाटलं नाही.

गुरुवार, ५
कान आतून पिवळे. हिरड्या पिवळ्या. प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं, तिथे रक्त काढलं, सोनोग्राफी केली. पित्ताशय सुजलंय, आत पित्ताचा चिखल झालाय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तोंडावर पंजे घासते का?"

"घासते की! लाजते ती," बाबा एकदम खुशीत. "मी शिकवलंय."

बाईंनी कागदावर टिपून घेतलं. बाबा पिंजरा घेऊन अर्धवट उघड्या दाराबाहेर थांबले तेव्हा हळू आवाजात मला म्हणाल्या, "मळमळलं की फेरेट असं करतात. दुखणं बरंच जुनं असणार. आणि तेलकट काही म्हणजे काही देऊ नका."

म्हणजे तिचा जीव कासावीस होत होता आणि आम्ही टाळ्या पिटत होतो. बाबांना मी तेल बंद एवढंच सांगितलं. बाकीचं कुठल्या तोंडाने सांगू?

शनिवार, ७
पित्त पातळ करायचं औषध थुंकते. अँटिबायोटिकही. सगळं माझ्या बाहीवर.

रविवार, ८
पित्ताची नळी तुंबली. पित्ताशय काढावं लागणार. "टेबलावरच जाऊ शकते," बाई म्हणाल्या. नाही काढलं तर जाणारच. बाबांनी मान डोलावली. घरी येताना मला विचारलं, "परत लाजेल ना गं?"

"लाजेल," म्हटलं. मनात म्हटलं, देवा, नको रे.

मंगळवार, १०
ऑपरेशन झालं. जिवंत आहे. यापुढचं बाईही बोलत नाहीत.

शुक्रवार, १३
घरी आणली. चमचाभर खाल्लं. बाबा समोरच बसून होते. तिने हळूच दोन्ही पंजे तोंडावर नेले.

बाबा हसले नाहीत. फोन लावला. "बाई, तिला मळमळतंय," म्हणाले.

मी तर त्यांना सांगितलंच नव्हतं.