पायांची हजेरी

३ मार्च
पाठीच्या मज्जारज्जूला सूज काय येते आणि बावीस वर्षं वर्गात उभी राहणारी मी ओंडक्यासारखी काय पडते! व्यायाम घेणारी मुलगी गोड आहे. म्हणाली, "बाई, डोळे मिटा. पायाला कापूस लागला की 'हजर' म्हणा." दहादा लावला म्हणे. मी आपली वाट बघत पडलेली.

५ मार्च
मोठे डॉक्टर स्पष्टच बोलले. दहा दिवसांत पायांत संवेदना दिसली नाही तर घरी जा, खाट दुसऱ्याला द्यायचीय. घरी जाऊन काय करू? भिंतींना शिकवू? इथून मला चालतच जायचंय!

९ मार्च
आज गंमतच झाली. डोळे मिटून पडले होते, मुलगी कापूस लावत होती. पायाशी बसलेले हे खाकरले. मी उगाच म्हटलं, "हजर!" — बरोबर! पुन्हा खाकरले. "हजर!" दहापैकी आठ! तीस वर्षांच्या संसारात यांना माझी एक खूण कळली नाही, आणि आज आपणहून खुणावतात! जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आता स्वतःच करतेय. लाज वाटली. पण ती मुलगी टाळ्या वाजवत होती हो.

१० मार्च
दहापैकी नऊ. मी यांना विचारलं नाही, हेही काही बोलले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१४ मार्च
खाट राहिली! मोठे डॉक्टर चक्क हसले. मुलगी यांना म्हणाली, "काका, आता पाय शेकायलाही हरकत नाही." हे बाहेर जाऊन डोळे पुसून आले. नाटक बरं जमतं यांना! मी रडले ते मात्र खरं. पाय अजून मेलेलेच आहेत. पण वेळ तर मिळाला.

१६ मार्च
अंगठा हलवायचा होता. तासभर बघत बसले त्याच्याकडे. ढिम्म.

१७ मार्च
दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर हे पायाशी रडत बसलेले. दोन्ही तळव्यांवर हे एवढाले फोड. गरम पाण्याची पिशवी यांनीच ठेवली होती. मला पत्ताच नाही.
"अगं, हाक का नाही मारलीस? तुला कळतं ना आता?"
आणि खाकरायला लागले, थांबेचनात. जीव घाबरा झाला की हे खाकरतात. तीस वर्षं ऐकतेय. कापूस टेकला की यांचाच जीव वरखाली होत होता.
यांना माझं 'हजर' खरंच वाटत होतं.