ज्याची गाडी, त्याची बोली

आबा, परवा विसरवाडीच्या फाट्यावर बस थांबली, पण मी उतरले नाही. तुमच्या गॅरेजच्या जागी आता टायरचं दुकान झालंय. लिंब तेवढा जागच्या जागी आहे, त्याखालची तुमची बाज नाही. आदल्याच दिवशी मी नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवत होते. एखादी गोष्ट पार बसली, साफ बुडाली, तर इंग्रजीत काय काय म्हणतात, असा पाठ होता. फ्लॉप, कोलॅप्स, ब्रेकडाऊन, टोटल फेल्युअर. पोरं झपाझप वाक्यं करत होती आणि मी फळ्याकडे तोंड करून उभी, वळायची हिंमत होईना.

तुमचं जुनं गॅरेज पुन्हा डोळ्यांपुढे येतं: मी दहावीत आहे. दिवाळीची सुटी, तुमचा डबा घेऊन आलेय. धुळ्याकडच्या एका ड्रायव्हरच्या ट्रकचं इंजिन तुम्ही खोललंय, आणि ते कामातून गेलंय हे मलाही कळतंय. तुम्ही टाकीपाशी हात धुताय. कुणालाही वाईट सांगायचं तर आधी हात स्वच्छ धुवायचे, त्याला बाजेवर बसवायचं, पाणी द्यायचं, मग त्याचाच हात इंजिनावर ठेवून सांगायचं, ही तुमची रीत. पण ड्रायव्हरने मला विचारलं आणि मी शहाणी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "टोटल फेल्युअर." तो हसला. "म्हंजे व्हई जाई ना, बेटा?" होईल दुरुस्त, अशी मी मान हलवली. का हलवली देव जाणे. समजावून सांगायचा कंटाळा, दुसरं काय! त्याने लगेच घरी फोन लावला, सांजेला पोचतो म्हणून. बायको बाळंत व्हायची होती त्याची. तुम्ही आलात, त्याला बसवलंत, पाणी दिलंत, त्याचा हात धरून इंजिनावर ठेवलात. "भाऊ, इंजिन गये. आते ही गाडी आठेन हालाव नही." त्याने पुन्हा घरी फोन लावला, सांजेपर्यंत पोचत नाही म्हणून. तुम्ही त्याला पुढच्या बसमध्ये बसवून आलात आणि मग माझ्याकडे वळलात. "ज्यानी गाडी, त्याले त्याना बोलीमा सांगानं. इंग्रजी सांगीसन आपुन सुटी जातस, तो अटकी ऱ्हास." त्या दिवशी तुम्ही डबा उघडला नाही.

आणि मग काही वर्षांनी तुम्हाला ठेवलं होतं तो दवाखाना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून इंग्रजीतच सांगितलं, मल्टी ऑर्गन फेल्युअर, दोन दिवस, फार तर तीन. घरी न्यायचं असेल तर आजच न्या, असंही म्हणाले. मी आत आले. तुम्ही विचारलंत, "काय म्हनस डॉक्टर?" मी पाण्याचा ग्लास भरला. तुमच्याजवळ बसले. इथपर्यंत तुमच्याच रीतीने. मग म्हणाले, "थोडं फेल्युअर शे आबा, ट्रीटमेंट चालू शे." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. अंगठा खाटेच्या लोखंडी दांडीवरून सावकाश फिरत होता, इंजिनातला तडा शोधताना फिरायचा तसा. "मंग घर कव्हय जावानं?" मी म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आले की. आजी गेली तेव्हा तुम्ही बजावलं होतंत, मला नळ्या नकोत, लिंबाखाली बाजेवर जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही नळ्यांमध्येच गेलात. मीच अडकवून ठेवलं तुम्हाला. त्या ड्रायव्हरला निदान पुढची बस होती.

हे पत्रही बघा, शाळेच्या मराठीत लिहितेय. आपल्या बोलीत लिहायला घेतलं की ते एकच वाक्य पुढे येतं आणि हात थांबतो. वाक्य अवघड नाही. आबा, आते काही खरं नही, चला, घर जाऊत. एवढंच तर होतं. लोकांना मी सांगते की तुम्हाला धक्का बसेल म्हणून बोलले नाही. खोटं आहे ते. तुम्हाला तर कळलंच होतं. तुमच्यासमोर मला रडायचं नव्हतं, म्हणून बोलले नाही.