गुरुजींच्या तोंडावळ्याचा पतंग

ती. ताईस,

नमस्कार वाकून करायचा होता, पण कंबर अर्ध्यातच संप पुकारते. तेव्हा हा बसल्या बसल्या केलेला गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? (थोडक्यात कळव. मागच्या पत्रात नुसते गुडघेच होते.)

परवा सकाळी स्वयंपाकघराच्या जाळीवर तळहाताएवढा पतंग बसलेला दिसला. पंख झाडाच्या सालीसारखे, ते जरा उचलले की खाली पिवळ्याधमक पोटावर काळे पट्टे, आणि पाठीवर चक्क कवटी. मी सूनबाईला कॉलेजात फोन केला, की कवटीवाला पतंग जाळीला अडकलाय. ती घाईत म्हणाली, दोरा कापून द्या सोडून. (ही जीवशास्त्र शिकवते हो.)

घरी आल्यावर मात्र तिने तो अलगद बरणीत घेतला आणि सोयरीक जुळवायला बसल्यासारखी त्याचं कुळ, जात सगळं सांगितलं. हा म्हणे हॉक मॉथ, ससाण्यासारखा झेपावतो म्हणून. फुलपाखरं याचे भाऊबंदच, गण एकच. इतक्यात तो बरणीत चिरकला. अगदी उंदरासारखा. आणि ताई, माझ्या अंगावर काटा आला. दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाची कविता शिकवताना वरच्या सुराला आपल्या गुरुजींचा आवाज असाच चिरकायचा, आणि चारही इयत्तांचा तो अख्खा वर्ग पाटीआड तोंड लपवायचा. मग नीट पाहिलं. ती कवटी नव्हेच. तुळतुळीत टक्कल, खोल डोळे, मिटलेले ओठ. साक्षात गुरुजी.

आता सूनबाईला तो टाचणीने टोचून कॉलेजच्या पेटीत लावायचाय. गुरुजींना टाचणी? मी आडवा आलो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, तुमच्याशिवाय आणखी एकाला जरी यात गुरुजी दिसले, तर सोडते." त्या वर्गातली आता तूच उरलीस. तेव्हा तिला फोन करून सांग, की गुरुजीच ते. बघायची गरज नाही.

तुझा धाकटा

ता. क. फोन करू नकोस. मोजमापासाठी तिने झाकण उचललं, तो चिरकला, ती दचकली आणि गुरुजी खिडकीतून गेले. खिडकी मी मुद्दाम उघडली असं तिचं म्हणणं आहे. घरात हवा नको का खेळायला?

ता. क. दुसरा. फोनऐवजी तूच ये. तिने सहज विचारलं, गुरुजींना मिशी होती का? कालपासून आठवतोय. होती का गं?