क्लिपमधला आवाज

डिंडोली, सूरत

प्रिय योगेंद्र,

ताईने चक्क कागदावर पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस. घरात सगळे जिवंत आहेत. आप्पांचा गुडघा आहे तसाच आहे, पण लूमवरची रात्रपाळी सुटली, आता दिवसाचं काम मिळालंय. मी अजून मार्केटात भूपेंद्र शेठच्या दुकानात साड्यांचे व्हिडिओ बनवते. आता मुद्द्याचं. माय फोनवर का येत नाही, हे तू दर वेळी विचारतोस आणि मी दर वेळी थाप मारते. देवळात गेली, अंघोळीला गेली, डोकं दुखतंय. मागच्या वेळी तू चिडलास, म्हणालास, मी भरती झालो त्याचा राग अजून गेला नाही का तिचा. राग असता तर बरं झालं असतं रे. मायचा राग कसा घालवायचा ते मला येतं.

भरतीच्या आधी तू आणि तुझा तो भटू दिवसभर मोबाईलवर लढाईच्या गेममध्ये डोकं घालून बसायचात. डोळे फुटतील म्हणून माय ओरडायची, तर तू म्हणायचास, हा अभ्यास आहे, बंदुकांची नावं पाठ होतात. मग कॅनॉलच्या रस्त्यावर पहिल्यांदा सोळाशे मीटर धावायला गेलास आणि अर्ध्यातच ओकलास. मी हसून हसून लोळले होते, म्हटलं गेममध्ये तर दमत नाहीस. तरी तू पळत राहिलास आणि लागलास. ट्रेनिंगमधल्या पहिल्या फोनवर म्हणालास, ताई, गेममधलं इथे काही कामाला येत नाही, इथे आधी तासन्‌तास नुसतं उभं राहायला शिकवतात. जाताना जुना मोबाईल मला देऊन गेलास, त्यात तुमच्या खेळाची रेकॉर्डिंगं होती. तुझी आठवण आली की मी ती लावायचे. गोळ्या सुटताहेत आणि तुम्ही दोघं अहिराणीत भांडताय. गोळी लागून तू पडलास की ओरडायचास, "मरी गऊ रे भटू, माले उचल!" मग भटू यायचा, तुला उठवायचा, की तू परत पळायला मोकळा.

चार महिन्यांपूर्वी सीमेवर तणाव होता तो आठवडा. तुझा फोन बंद, टीव्ही दिवसभर चालू. गल्लीत जो भेटेल तो विचारायचा, भावाची काय खबर? मला काडीचीही खबर नव्हती आणि तसं सांगायची लाज वाटायची. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बसल्या बसल्या मी तुझं एक रेकॉर्डिंग उघडलं. कोपऱ्यातला नकाशा आणि आकडे कापले, रंग काळपट केला, धूर वाढवला. साडीचा रंग खुलवते तीच कारागिरी. संगीत काढलं, गोळ्या ठेवल्या. वर 'आपले जवान' एवढंच लिहिलं आणि आपल्या खान्देशी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. तासाभरात हात जोडलेले आणि झेंडेच झेंडे. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी ती क्लिप फिरून आमच्याच जिन्यात परत आली. मधे कुणीतरी तिच्यावर तुमच्या भागाचं नाव टाकलं होतं, चौकी उडाली, जवान शहीद, असं काहीबाही लिहिलं होतं. शेजारच्या सरस्वतीकाकूंनी ती मायला दाखवली. काकूंना नुसता धूर दिसला. मायने मोबाईल कानाला लावला, पुन्हा लाव म्हणाली, पुन्हा लाव म्हणाली. मी घरी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "हाऊ मना योगेंद्रना आवाज शे."

गोळ्यांच्या खाली तुझा आवाज होता. मरी गऊ, माले उचल. पुसट होता, पण होता. क्लिप बनवताना मी तो ऐकला होता, योगेंद्र. काढायला एक बोट पुरलं असतं. मी ठेवला, कारण त्याच्यामुळे ते सगळं खरं वाटत होतं. आणि त्या रात्री मायला मी एवढंच म्हणाले, की हा गेम आहे, कुणा टवाळाने बनवलाय. मीच बनवलाय, हे लपवलं.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. तू हसत सांगत होतास, की हवालदारांनी सगळ्यांना बसवून समजावलं, गेमचे व्हिडिओ लढाईचे म्हणून फिरताहेत, घरी सांगून ठेवा. कोण रिकामटेकडे बनवतात ग हे, म्हणालास. मी फोन मायच्या कानाला लावला. तिने ऐकलं आणि तुझा फोन बंद झाल्यावर मला विचारलं, मग तो आवाज कुणाचा? तेव्हा मी सगळं ओकले. जुना मोबाईल दाखवला, रेकॉर्डिंग दाखवलं, मीच जोडलं म्हणून सांगितलं. वाटलं, थोबाडीत मारेल, रडेल, मोकळी होईल. ती म्हणाली, क्लिपमध्ये आवाज जोडलास तसा फोनमध्येही तूच जोडलास.

मी व्हिडिओ कॉल लावला. तर तुला बघताच ती आत निघून गेली, नंतर मला म्हणते, चेहरेही बसवतेस की तू. एकाच बाईवर दहा चेहरे बसवून साड्या दाखवते, हे तिला मीच कौतुकाने दाखवलं होतं. आप्पांनी देवाची शपथ घेतली, तर त्यांनाच म्हणाली, तुमचं काळीज कमजोर, म्हणून पोरगी तुम्हालाही फसवते. आता ती भांडत नाही, आमच्यासमोर रडतही नाही. होळीला पुरणपोळ्या केल्या नाहीत. दुखवट्याच्या वर्षी करत नाहीत, एवढंच म्हणाली. तेव्हापासून मी तुला फोनवर थापा मारते. तुझ्या हातात बंदूक असते, तुझं लक्ष उडवून कसं चालेल, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तू मला काय म्हणशील, याची भीती वाटत होती.

आता गप्प राहून भागणार नाही. तिथल्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीया बघ, आखाजी बारा दिवसांवर आली. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आपल्या घरात ती एकट्या आजोबांची असते. काल मायने कुंभाराकडून दोन घागरी आणल्या. आप्पांनी विचारलं, दुसरी कुणाची? ती म्हणाली, "त्याले तहान लागनी व्हई." आप्पा चपला न घालताच बाहेर गेले. योगेंद्र, आता फोन करू नकोस, फोटो पाठवू नकोस. हे पत्र साहेबांना दाखव, मला लाज उरलेली नाही, पण रजा घे आणि ये. तिला तुझ्या डोक्यावरून, हातापायांवरून हात फिरवू दे. मला मारलंस तरी चालेल, पण ते नंतर. आधी आखाजीच्या आत दारात उभा राहा. तिने एकदा तुझ्या नावाने त्या घागरीत पाणी ओतलं, तर मग तू समोर आलास तरी तिला खरा वाटशील का, ते मला सांगता येत नाही.

तुझीच गुन्हेगार ताई,
हर्षदा