बाबांच्या टाकीतलं शेवाळ

दादा,

बाबांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं ते हिरवंगार शेवाळ आठवतं? त्याचा एक तुकडा समुद्रात गेला, तर खडकच्या खडक झाकून टाकतो आणि खालचं सगळं मारतो. ते घरी पाळण्याविरुद्ध मी सभांमध्ये घसा कोरडा करायचे. बाबा मात्र ते छाटायचे, छाटण जुन्या पातेल्यात उकळायचे आणि मगच फेकायचे. "भाषणबाई, माझ्या टाकीतून एक काडी तरी बाहेर गेलीय का?" मला उत्तर सुचायचं नाही.

आता सुचलंय. बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला आईनं बरणीत त्याची एकेक फांदी दिली, आठवण म्हणून. कळल्यावर मी बरण्या परत मागत दारोदार हिंडले. आत्या म्हणाली, "कोमेजलं गं. भावाचं कचऱ्यात कसं टाकू? खाडीत सोडलं."

काल ओहोटीला पाहिलं, तिथले खडक हिरवे झालेत. उपटायला जावं तर तुकडे होऊन आणखी पसरतं.

बाबा काळजी घेण्यात कधीच चुकले नाहीत. पाळणारा मरत नाही, एवढंच ते धरून चालले. असलं काही घरात ठेवायचा हक्क कुणालाच नाही, दादा, कुणालाच!

आईनं तुझ्यासाठी राखलेली बरणी खिडकीत आहे. मी तिच्यासाठी पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, तेवढ्यात आई आली. बरणी उजेडाकडे सरकवत म्हणाली, "दादाला कळव, बाबांचं छान वाढतंय."

मी गॅस बंद केला. हे वाचून तू तिला जाब विचारशील, म्हणून पत्रही पाठवत नाही.

तुझी,
भाषणबाई